मुलांना आपलं गाव दाखवायचंय? निसर्गाचं काय आणि माणसानं केलेलं काय, हे असं शिकवा

परिसर अभ्यासात मुलं दोन कॉलम पाठ करतात. डोंगर, नदी, जंगल एका बाजूला आणि पूल, रस्ता, धरण दुसऱ्या बाजूला. पेपरात मार्क मिळतात, पण आपल्या घरामागचा तलाव कुठल्या कॉलममध्ये बसतो हे विचारलं की पोरं गप्प. खरी मजा तिथेच असते, कारण गावातल्या बऱ्याच गोष्टी अर्ध्या निसर्गाच्या आणि अर्ध्या माणसाच्या असतात. मी पुण्याची उदाहरणं देतेय कारण मुलांना घेऊन इथेच फिरते, पण पद्धत कुठेही चालेल.

आधी उंचावर न्या

सुरुवात पुस्तकातल्या नकाशाने करू नका. गच्ची, टेकडी, टाकीजवळचा चढ, जिथून गाव खाली पसरलेलं दिसतं अशी जागा शोधा. पुण्यात पर्वती बेस्ट. वर गेल्यावर एकच प्रश्न विचारा, "इथे कधीच कोणी माणूस आला नसता तर यातलं काय काय दिसलं असतं?" पाच-सहा वर्षांच्या मुलालाही हा कळतो, व्याख्या लागत नाही. मुलांना बोटानं दाखवू द्या आणि चुकलं तरी लगेच दुरुस्त करू नका. हवा स्वच्छ असेल तर लांब सिंहगड दिसतो, मग सांगा की डोंगर निसर्गाचा, त्यावरची तटबंदी माणसाची. आणि पायाखालचा काळा दगड हाताने चाचपायला लावा, हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा बेसॉल्ट आहे. मुलांना लाव्हा म्हटलं की पुढचा अर्धा तास तुमचा.

त्याच दगडाची दुसरी बाजू बघायची तर जंगली महाराज रोडवरच्या पाताळेश्वरला जा. दगड निसर्गाचा, पण तो कोरून लेणं केलं माणसांनी, तेही १,२०० वर्षांपूर्वी.

मग फसवणाऱ्या जागा दाखवा

या स्टेपला सगळ्यात जास्त वेळ द्या. पाषाण तलावावर पक्षी, झाडं, गवत बघून मुलं ठामपणे "नैसर्गिक" म्हणतात, पण तो रामनदीवर बांध घालून केलेला आहे. त्यांना बांधावर उभं करा आणि विचारा की ही सरळ भिंत इथे कशी आली, उत्तर त्यांचं त्यांना सापडतं. सारसबागेचं उलटं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात आंबिल ओढ्याचं पाणी अडवून तिथे तळं केलं होतं, पुढे १७८४ मध्ये त्यातल्या बेटावर गणपतीचं देऊळ झालं, म्हणून तो तळ्यातला गणपती. आता तळं गेलं आणि बाग झाली, म्हणजे माणसानं केलेली गोष्ट माणसानंच बदलली.

कॅनॉल आणि नदीतला फरक तर मला फार आवडतो. नदी सगळ्यात खोलगट जागेतून वाहते. खडकवासला धरणाचा कॅनॉल मात्र पर्वतीच्या पायथ्याशी उंचावरून, टेकडीच्या कडेकडेनं हळूहळू उतरत जातो, कारण त्याला कुठून न्यायचं ते माणसानं ठरवलंय. नदी वळणं घेते, काठ बदलते, कॅनॉलचे काठ एकसारखे. हे लांबूनच दाखवा हं, कॅनॉलच्या काठाशी मुलांना अजिबात नेऊ नका, पाण्याला ओढ असते.

नंतर "इथेच का?" विचारा

पूल इथेच का, बाजार इथेच का, जुनी वस्ती उंचावर का. उत्तर बहुतेक वेळा जमिनीत किंवा पाण्यात असतं. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की पेपरात क्युसेकचे आकडे येतात, ते मुलांबरोबर वाचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास २८ लिटर, म्हणजे साधारण दोन बादल्या. मग दहा हजार क्युसेक किती, हे मुलांनाच करू द्या. नदीपात्राला लागून असलेला ठेंगणा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि बाकीचे पूल का जात नाहीत, हेही त्यांना लगेच समजतं. मात्र तेव्हा नदीपात्रात उतरायचं नाही, वरच्या पुलावरून बघायचं.

जरा मोठ्या मुलांना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर सांगा. पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. ओळखीत कोणी आजी-आजोबा असतील ज्यांनी तो पूर पाहिलाय तर त्यांच्याकडूनच ऐकवा, आपल्यापेक्षा ते कितीतरी छान सांगतात.

घरी परातीत गाव करा

परातीत ओली माती घ्या, एका बाजूला डोंगर करा, वरून तांब्याने हळू पाणी सोडा. पाणी आपली वाट स्वतः शोधतं, ती नदी. आता काडेपेटीची घरं, आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल आणि मातीचा बांध मुलांना ठेवू द्या आणि परत पाणी सोडा. कोणाचं घर वाहून गेलं की पुढच्या वेळी ते आपोआप उंचावर जातं, सांगावं लागत नाही.

शेवटी नकाशा

नकाशा फिरून आल्यावरच, आणि फक्त पाहिलेल्या गोष्टींचा. निसर्गाचं हिरव्या रंगात, माणसाचं लाल रंगात आणि दोघांचं मिळून असेल ते दोन्ही रंगांत. पाषाण तलावाचं पाणी कुठल्या रंगात यावर घरात भांडण झालं तर होऊ द्या.

पुण्याबाहेर असाल तर तुमच्याकडचंच घ्या. गावाकडे पाझर तलाव आणि ओढा शेजारी शेजारी दाखवा, घाटातल्या रस्त्यात नैसर्गिक खिंड आणि खोदलेला बोगदा. गोव्यात खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं, तर यासाठी सोन्यासारखी आहे, खाडी निसर्गाची, बांध माणसांनी घातलेला, आणि भरती-ओहोटीच्या पाण्यावर लक्ष ठेवणारी मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. ओहोटीच्या वेळी जा, पाणी कसं बाहेर पडतं ते मुलांना दिसेल, आणि जमलं तर तिथल्याच भरतीला परत एक चक्कर मारा.