लघवीतील एनएजी विकराची क्रियाशीलता कशी मोजावी

मूत्रपिंडातील नलिकांना इजा झाली की त्यांच्या पेशींमधले एनएजी (एन-अ‍ॅसिटिल-बीटा-डी-ग्लुकोसामिनिडेझ) हे विकर, म्हणजे एन्झाइम, लघवीत वाढते. रेणू मोठा असल्याने ते रक्तातून सहसा गाळून येत नाही, म्हणजे लघवीतले एनएजी मुख्यतः नलिकांमधूनच आलेले असते; म्हणूनच रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढण्याआधीही ते इशारा देऊ शकते.

नमुना सकाळचा घ्यावा आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांजवळ असताना तो बर्फाच्या डब्यातूनच प्रयोगशाळेत न्यावा, कारण उन्हात राहिलेल्या लघवीत जंतू वाढून ती अल्कधर्मी होते व विकर निकामी होत जाते. नमुना सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवून वरचा निवळ भाग वापरावा. सुमारे ४.५ सामूच्या सायट्रेट बफरमधले (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातले), पॅरा-नायट्रोफिनॉल हा रंग देणारा घटक जोडलेले सबस्ट्रेट (विकर ज्याचे विघटन करते तो पदार्थ) ३७ अंशांवर आणून त्यात लघवी मिसळावी, १५ मिनिटे घड्याळ लावूनच मोजावीत आणि सोडियम कार्बोनेट घालून क्रिया थांबवावी. त्याच क्षणी नळीत पिवळा रंग उमटतो, तो ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजावा. ब्लँकच्या, म्हणजे लघवीचा स्वतःचा रंग वजा करण्यासाठीच्या तुलनेच्या नळीत लघवी कार्बोनेटनंतर घालावी. आपल्याकडे उन्हाळ्यात लघवी मुळातच गडद पिवळी असते, त्यामुळे ब्लँक टाळणे ही निव्वळ फसवणूक आहे. आलेला आकडा लघवीतल्या क्रिएटिनिनने भागूनच द्यावा, नाहीतर पाणी कमी प्यायलेला धडधाकट माणूसही रुग्ण ठरेल. जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविक औषधांनीही हा आकडा वाढत असल्याने चालू औषधांची नोंद अर्जावर आधीच करून घ्यावी.