जुन्या मॅन्युअल लेन्सवर पोर्ट्रेट: ॲडॉप्टरपासून डोळ्यावरच्या फोकसपर्यंत

जुनी मॅन्युअल लेन्स मिररलेस कॅमेऱ्याला लावली आणि चेहरे मऊ, धुरकट आले, की दोष लगेच लेन्सच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा लेन्स निर्दोष असते. ॲडॉप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारी कडी) डुगडुगत असतो, कॅमेऱ्याला चुकीची फोकल लेंथ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) सांगितलेली असते किंवा फोकस डोळ्याऐवजी कानावर गेलेला असतो. म्हणून इथे लेन्सच्या निवडीबद्दल थोडं आणि बाकीच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

कोणती लेन्स

फुल फ्रेमवर (३६ गुणिले २४ मिमीच्या सेन्सरवर) ८५ ते १३५ मिमी हा चेहऱ्यासाठी सोयीचा पल्ला. चेहरा फ्रेमभर घ्यायचा तर या लेन्सना दीड-दोन मीटर लांब उभं राहावं लागतं आणि त्या अंतरावरून नाक मोठं, कान लहान असं दिसत नाही. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर दीडपट धरा: ५८ मिमीची हेलिओस ४४-२ तिथे ८७ मिमीसारखं दृश्य देते, म्हणजे आयती पोर्ट्रेट लेन्स. १३५ मात्र तिथे २०० च्या घरात जाते आणि खोलीत मागे सरकायला जागा पुरत नाही.

ज्युपिटर-९ (८५ मिमी, एफ/२) सोनार या जुन्या भिंगरचनेच्या धाटणीची आहे. तिच्या ॲपर्चरला, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाला, १५ पाती आहेत, त्यामुळे ॲपर्चर बंद (लहान) केलं तरी भोक गोलच राहतं. एफ/ नंतरचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. निकॉनची १०५ मिमी एफ/२.५ जास्त करकरीत. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये टिपलेला अफगाण मुलीचा चेहरा याच लेन्सचा. सुरुवात करणाऱ्याने मात्र आधी ५० मिमी एफ/१.८ किंवा १३५ मिमी एफ/३.५ घ्यावी. या दोन्ही भरपूर बनल्या, त्यामुळे चांगल्या अवस्थेतली प्रत शोधायला त्रास पडत नाही.

घेताना ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. कडेला एखादा बारीक ठिपका असेल तर चित्रावर फरक पडत नाही, पण मध्यापर्यंत पसरलेली बुरशी कोटिंग खाऊन टाकते आणि पुसली तरी डाग राहतो. सगळ्या काचेवर दुधी पडदा दिसला तर ती लेन्स सोडा. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा त्या मानाने निरुपद्रवी असतो. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक असेल तर स्वयंचलित ॲपर्चरच्या लेन्समध्ये पाती चिकटतात. प्रीसेट लेन्समध्ये ती हाताने फिरतात, तिथे हे चालून जातं.

माउंट आणि ॲडॉप्टर

प्रत्येक माउंटपासून (कॅमेऱ्यावर लेन्स बसते त्या कडीपासून) सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. एम४२ (४२ मिमीचा आट्याचा माउंट) चं ४५.४६ मिमी, निकॉन एफचं ४६.५, कॅनन एफडीचं ४२. मिररलेसमध्ये आरसा नसल्यामुळे हेच अंतर खूप कमी: सोनी ई १८ मिमी, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०. मधली पोकळी भरून काढणं एवढंच ॲडॉप्टरचं काम. एम४२ ते सोनी ई हा ॲडॉप्टर म्हणजे जवळपास २७.४६ मिमी जाडीची रिकामी नळी. त्यात काच लागत नाही, असूही नये. आरसा असलेल्या डीएसएलआरवर गणित बिघडतं. कॅनन ईएफला (४४ मिमी) एम४२ लेन्स सहज लागते, पण निकॉन एफवर तीच लावली तर एक मिलिमीटर जागा कमी पडते आणि काच नसलेल्या ॲडॉप्टरने दूरचं फोकस होत नाही. चेहऱ्यांपुरतं ते चालतं. काचेचा स्वस्त ॲडॉप्टर मात्र उघड्या ॲपर्चरवर चित्र पार बिघडवतो.

एक सापळा आहे. एम३९ या एकाच आट्याच्या लेन्स दोन वेगवेगळ्या अंतरांसाठी बनल्या. लायका पद्धतीच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी (त्यांत आरसा नसतो) २८.८ मिमी आणि झेनिटच्या आरसेवाल्या एसएलआरसाठी साधारण ४५ मिमी. ज्युपिटर-९ रेंजफाइंडरसाठीही बनली आणि एसएलआरसाठीही. आटा जुळतो, लेन्स बसते आणि फोकस भलतीकडेच होतो. ॲडॉप्टर मागवण्याआधी लेन्स मूळ कोणत्या कॅमेऱ्याची, हे पक्कं करा.

ॲडॉप्टर हातात आला की तीन गोष्टी बघा. लेन्स लावून फोकस रिंग झटक्याने पुढे-मागे फिरवा. सगळी लेन्सच हलली तर फोकस प्रत्येक वेळी उडी मारणार. माउंटच्या बाजूचे स्क्रू घट्ट करून बघा, तरी हलली तर ॲडॉप्टर परत करा. मग दूरचा मनोरा किंवा चंद्र मोठा करून बघा. रिंग शेवटच्या टोकाला टेकण्याआधी तो स्पष्ट व्हायला हवा. बरेच ॲडॉप्टर मुद्दाम किंचित पातळ बनवतात, त्यामुळे अनंताचं चिन्ह येण्याआधीच अनंत येतं आणि लेन्सवरचे मीटरचे आकडे थोडे खोटे ठरतात. त्याची काळजी करू नका.

तिसरी गोष्ट बहुतेकजण बघतच नाहीत. ॲडॉप्टर खिडकीकडे धरून आतून बघा. आतली भिंत चकाकत असेल तर तो प्रकाश सेन्सरवर उधळतो आणि सगळ्या चित्रावर पांढुरकी झाक येते. लोक त्याला जुन्या लेन्सचा स्वभाव समजतात. आतून काळा मखमली चिकट कागद लावा. कडा नीट दाबा, कारण सुटलेले तंतू थेट सेन्सरवर जातात.

लेन्सवरची खूण वर न येता बाजूला येत असेल तर एम४२ च्या बऱ्याच ॲडॉप्टरना बाजूला तीन बारीक स्क्रू असतात. ते सैल करा, आतली रिंग फिरवा, पुन्हा आवळा.

ॲपर्चर रिंग फिरवूनही पाती हलत नसतील तर लेन्स बिघडली असं समजू नका. एम४२ च्या स्वयंचलित लेन्सला मागे एक खिळी असते. लेन्सवर ए/एम खटका असेल तर तो एमवर न्या, नसेल तर खिळी दाबून धरणारा ॲडॉप्टर घ्या. कॅनन एफडीच्या ॲडॉप्टरलाच एक रिंग असते. ती उघडीच्या बाजूला राहिली तर लेन्स कायम पूर्ण उघडी राहते. हेलिओस ४४-२ सारख्या प्रीसेट लेन्सला दोन रिंगा असतात: एक मर्यादा ठरवते, दुसरी पूर्ण उघड्यापासून त्या मर्यादेपर्यंत अलगद सरकते. मर्यादा १६ वर ठेवून दिली की दुसरी रिंग सबंध पल्ल्यात मोकळी फिरते.

कॅमेऱ्यात काय बदलायचं

लेन्सशिवाय शटर चालू देणारी सेटिंग आधी चालू करा, नाहीतर बटण दाबूनही काही होत नाही. मोड ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा). कॅमेऱ्याला ॲपर्चरचा आकडा कळत नाही, पण आत येणारा प्रकाश तो मोजतोच, त्यामुळे एक्स्पोजर बरोबर येतं. ऑटो आयएसओ ठेवा आणि किमान शटर १/२५० करा. बॉडीतलं स्थिरीकरण (हाताची थरथर भरून काढायला सेन्सर हलवणारी सोय) तुमचा हात सांभाळतं, समोरच्या माणसाची मान नाही.

स्थिरीकरणाला फोकल लेंथ हाताने सांगावी लागते. लेन्सवर छापलेला आकडाच घाला, एपीएस-सीवर दीडपट करू नका. ५८ नसेल तर सर्वांत जवळचा आकडा. फोकल रिड्यूसर (फोकल लेंथ कमी करणारा काचेचा ॲडॉप्टर) लावला असेल तरच गुणाकार करा (५८ गुणिले ०.७१ म्हणजे ४१). १३५ ची सेटिंग तशीच ठेवून ५० लावली, तर स्थिरीकरण गरजेपेक्षा जास्त हलतं आणि ते नसतानापेक्षा जास्त धूसर चित्र येतं.

उन्हात एफ/२ वर शटर १/२००० च्या पुढे जात असेल तर इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवणारी सेटिंग) बंद करा. तो चालू असला की पार्श्वभूमीतल्या प्रकाशाच्या गोळ्या एका बाजूने कापल्यासारख्या दिसतात.

डोळ्यावर फोकस

सगळी मेहनत इथे आहे. फुल फ्रेमवर ८५ मिमी, एफ/२, दोन मीटर अंतर: स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचा. दीड मीटरवर तो पावणेचारच्या आसपास येतो. आता मधल्या चौकोनात डोळा धरून फोकस केला आणि मग रचनेसाठी कॅमेरा १५ अंश वळवला, तर फोकसचं प्रतल डोळ्याच्या मागे पाच सेंटिमीटर सरकतं. म्हणजे डोळा गेला, कान आला. म्हणून आधी रचना ठरवा, मोठं करून दाखवणारा चौकोन जवळच्या डोळ्यावर न्या आणि मगच फोकस करा. चित्र मोठं करणारं बटण अंगठ्याच्या टप्प्यात हवं.

पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) भिस्त ठेवू नका. त्याला फक्त तीव्र कडा कळतात आणि उघड्या ॲपर्चरवर जुन्या लेन्सची चकाकी त्याला फसवते. भुवई, पापणी आणि नाकाची कड एकदमच लाल होतात. ठेवायचंच तर सर्वांत कमी पातळीवर, फक्त जवळपास पोचलो हे कळण्यापुरतं.

मोठं केलेल्या चित्रात बुबुळाकडे नाही, खालच्या पापणीच्या केसांकडे आणि डोळ्यातल्या प्रकाशाच्या ठिपक्याकडे बघा. ठिपका सर्वांत लहान आणि टोकदार दिसतो तिथे फोकस. उघड्या ॲपर्चरवर आणखी एक खूण मिळते: फोकसच्या पुढे असलेल्या केसांना जांभळट कड दिसते, मागे असलेल्यांना हिरवट. रिंग सावकाश फिरवा, जांभळा जाऊन हिरवा येण्याच्या मधोमध जिथे रंग नाहीसा होतो तिथे थांबा. एकदा ते ओलांडून पुन्हा मागे या, म्हणजे नेमकी जागा हाताला कळते.

मग लगेच, सेकंदाच्या आत, तीन फ्रेम घ्या. तुम्ही आणि समोरचा माणूस उभे असलात की श्वासाबरोबर दोघंही हलतात आणि दोन सेंटिमीटर तर सहज जातात. कोपर बरगड्यांना टेकवा, समोरच्याला भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकू द्या.

फोकस ज्या ॲपर्चरवर फोटो काढायचा त्याच ॲपर्चरवर करा. सोनार धाटणीच्या लेन्समध्ये ॲपर्चर बंद केलं की फोकस मागे सरकतो. एफ/२ वर पापणीवर आणलेला फोकस एफ/२.८ वर तिथे राहत नाही. एफ/५.६ च्या पुढे पट्टा इतका रुंद होतो की फरक जाणवत नाही. तिथे उघडून फोकस करा आणि मग बंद करा.

प्रकाश, रंग आणि भोवरा

जुन्या कोटिंगला बाजूचा प्रकाश सोसत नाही. हूड कायम लावा. सुपर ताकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या थोरियम असलेल्या आवृत्त्यांची काच वर्षांनुवर्षांत पिवळी पडते. यूव्ही एलईडी दिव्याखाली काही दिवस ते काही आठवडे ठेवली की ती निवळते. उन्हात ठेवायची असेल तर मागे ॲल्युमिनियमची फॉइल लावा आणि लक्ष ठेवा, भिंग आग लावू शकतं. ती लेन्स खोलून घासू नका. तोवर करड्या कार्डावर व्हाइट बॅलन्स घेतला की त्वचेचा रंग ठीक येतो.

हेलिओसचा गरगरणारा भोवरा (मागचं दृश्य चेहऱ्याभोवती गोल फिरल्यासारखं दिसणं) हवा असेल तर फुल फ्रेम लागते, कारण तो कडेला असतो आणि एपीएस-सी नेमकी कड कापते. ॲपर्चर एफ/२, माणूस एक ते दीड मीटरवर, मागे चार-पाच मीटरवर पानांतून झिरपणारा प्रकाश. सपाट भिंत किंवा मोकळं आकाश मागे असेल तर काहीच दिसत नाही. चेहरा मध्याच्या जवळ ठेवा. कडेला नेला तर ज्या दोषामुळे पानं गरगरतात, तोच डोळा ओढून लांबट करतो. एफ/४ ला भोवरा जवळजवळ विरतो, म्हणून गट बसला असेल आणि सगळे चेहरे स्पष्ट हवे असतील तर तिथेच जा.