५२५० च्या हिरव्या स्क्रीनवरून युजरच्या पीसीवर पीडीएफ, एक्सेल कसं उघडायचं

एएस/४०० वर (आयबीएमची कंपन्यांच्या कामासाठीची सिस्टीम, म्हणजे आताचं आयबीएम आय, पण जुनी माणसं अजून एएस/४०० च म्हणतात) ५२५० च्या हिरव्या स्क्रीनवर, म्हणजे तिच्या नुसत्या अक्षरांच्या टर्मिनलवर, काम करणारा युजर कधीतरी विचारतोच, की ऑर्डर समोर दिसतेय तर एक फंक्शन की दाबून तिची पीडीएफ का उघडत नाही. उघडते की. दोनच कमांड लागतात. इथे सगळं देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थात इंग्लिशमध्येच करा.

पहिली एसटीआरपीसीओ, ती ५२५० सेशन आणि पीसी यांच्यातला पीसी ऑर्गनायझर सुरू करते. तिला पीसीटीए(*नो) द्या, टेक्स्ट असिस्ट आता कोणाला लागत नाही. दुसरी एसटीआरपीसीसीएमडी, हिच्या पीसीसीएमडी पॅरामीटरमध्ये जे लिहाल ते युजरच्या पीसीवर चालतं. ऑर्गनायझर आधीच चालू असेल तर पहिली कमांड आयडब्ल्यूएस४०१० मेसेज देते, त्यामुळे सीएल (या सिस्टीमच्या कमांडची भाषा) प्रोग्राममध्ये तिच्या लगेच खाली तो मेसेज पकडणारी एमओएनएमएसजी कमांड टाकायची आणि पुढे जायचं, चालू आहे का नाही हे शोधत बसू नका.

पॉज पॅरामीटर *नो ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी युजरला एंटर दाबावं लागतं आणि दोन दिवसात तो फोन करतो.

आता पीसीवर नक्की काय चालवायचं? बरेचजण सरळ एक्सेलच्या प्रोग्रामचा पूर्ण पाथ लिहितात. तसं करू नका, प्रत्येक पीसीवर ऑफिसचं व्हर्जन वेगळं, फोल्डर वेगळा, आणि काही एम्युलेटरमध्ये (पीसीवर ५२५० ची स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम) तो प्रोग्राम बंद होईपर्यंत सेशन अडकून बसतं. त्यापेक्षा विंडोजची स्टार्ट कमांड वापरा: सीएमडी /सी स्टार्ट "" "\\सर्व्हर\शेअर\बिल.पीडीएफ". विंडोज एक्स्टेन्शन बघून योग्य प्रोग्राम स्वतःच निवडतं. मधले ते रिकामे डबल कोट चुकून राहिलेत असं वाटेल, पण ते काढायचे नाहीत, कारण स्टार्टला पहिलं कोटमधलं जे मिळतं ते ती विंडोचं टायटल समजते, मग ते नसले की तुमचा पाथच टायटल होतो आणि फाइल उघडतच नाही, नुसती काळी विंडो.

सगळी स्ट्रिंग सीएलमध्ये जोडताना *टीकॅट वापरा म्हणजे फील्डच्या शेवटचे ब्लँक जातात. पाथ छोटा ठेवा, जुन्या रिलीजमध्ये पीसीसीएमडीला १२३ कॅरेक्टरचीच मर्यादा आहे आणि लांब फोल्डरनावं असली की ती पटकन संपते. आरपीजीमधून (या सिस्टीमवरची प्रोग्रामिंगची भाषा) करायचं तर हाच छोटा सीएल कॉल करा, क्यूसीएमडीईएक्ससीने (प्रोग्राममधून कमांड चालवणारा एपीआय) पण होतं पण कोट मोजता मोजता डोकं फिरतं.

फाइल आयएफएसमध्ये (एएस/४०० वरची फोल्डर आणि फाइलची जागा) असेल तर खरा त्रास पाथचा आहे. पीसीला आयएफएस दिसतं ते नेटसर्व्हरमधून (विंडोजला शेअर देणारी एएस/४०० ची सर्व्हिस), म्हणून आधी त्या फोल्डरचा शेअर बनवा, शक्यतो रीड ओन्ली, आणि रूटचा शेअर तर अजिबात देऊ नका. मॅप केलेल्या ड्राइव्हच्या अक्षरावर विसंबू नका, एकाचा झेड तर दुसऱ्याचा वाय असतो, पूर्ण नेटवर्क पाथच द्या. अजून एक, ५२५० ला साइन ऑन होतंय पण शेअर उघडत नाही अशी तक्रार आली तर तो युजर नेटसर्व्हरमध्ये डिसेबल झालाय का बघा. विंडोजचा पासवर्ड वेगळा असला की पीसी गुपचूप चुकीचा पासवर्ड पाठवत राहतो आणि नेटसर्व्हर त्याला बंद करतं, एएस/४०० चं युजर प्रोफाइल मात्र एनेबलच दिसतं, म्हणून शोधायला वेळ जातो.

स्पूल फाइलच (प्रिंटसाठी तयार झालेला रिपोर्ट) दाखवायची असेल तर सीपीवायएसपीएलएफ कमांडला टूफाइल(*टूएसटीएमएफ) आणि डब्ल्यूएससीएसटी(*पीडीएफ) द्या, आयएफएसमध्ये पीडीएफ तयार होते (ट्रान्सफॉर्म सर्व्हिसेस हे प्रॉडक्ट इन्स्टॉल पाहिजे), मग वरचीच कमांड.

टेस्टिंग उलट्या बाजूनं करा. आधी पीसीवर विंडोज आणि आर दाबून रन बॉक्समध्ये पूर्ण ओळ चालवा, मग ५२५० च्या कमांड लाइनवरून, आणि मग सीएलमधून. जिथे अडलं तिथेच गडबड असते. फाइल उघडली का नाही हे एसटीआरपीसीसीएमडी प्रोग्रामला सांगत नाही, म्हणून फाइल आहे का ते कमांड देण्याआधीच तपासा, आरपीजीत ॲक्सेस एपीआयने सहज होतं.

बॅच जॉबमधून (स्क्रीनशिवाय मागे चालणारं काम) हे चालणार नाही, इंटरॅक्टिव्ह सेशनच लागतं. तिथे आरयूएनआरएमटीसीएमडी (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवणारी कमांड) सुचवतील लोक, पण त्यासाठी पीसीवर रिमोट कमांडची सर्व्हिस ऐकत ठेवावी लागते, आणि ते मी कुठल्याच युजरच्या मशीनवर चालू करणार नाही. आणि युजरनं स्क्रीनवर टाइप केलेलं काहीही थेट कमांडच्या स्ट्रिंगमध्ये घालू नका, अँपरसँड टाकून तो त्याच पीसीवर दुसरी कमांड चालवू शकतो. ऑर्डर नंबर घ्या, तो आकडाच आहे का तपासा आणि फाइलचं नाव प्रोग्राममध्येच बनवा.