दहा बाय पंधराच्या खोलीत पोटमाळा: आधी खडू, मग लोखंड

लालबागला आमची चाळीतली खोली दहा बाय पंधरा फुटांची, पागडीची. सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुली, अशी पाच माणसं. जमीन वाढवता येत नाही, पण जुन्या चाळींना उंची असते. आमच्या खोलीला अकरा फूट आहे, म्हणून पोटमाळा जमला. तुमच्याकडे दहा फुटांपेक्षा कमी उंची असेल तर माळ्याच्या नादी लागू नका, फक्त सामानापुरती फळी टाका.

आमचा पहिला माळा चुकला. ठेकेदाराने भिंतीला भोकं पाडून गर्डर आत घातले. आमची चाळ लाकडी सांगाड्याची. दोन पावसाळ्यांत त्या भोकांतून ओल उतरली, खांबाला वाळवी लागली आणि भिंतीला भेग गेली. शेजारच्या काकूंच्या देव्हाऱ्यामागचा गिलावा पडला. मला आजही त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून माझं एकच सांगणं असतं: माळा स्वतःच्या पायावर उभा करा. भिंतीवर त्याचा भार येता कामा नये.

सुरुवात टेपने करा. जमिनीवर खडूने माळ्याचे पाय, खाट, मांडणी, पिंप सगळं आखा आणि दोन दिवस तसंच वावरा. पहिल्याच संध्याकाळी आम्हाला कळलं की पुढचा पाय मोरीच्या वाटेत येतोय. तो आठ इंच सरकवला. खडू पुसायला पैसे पडत नाहीत.

उंचीचा हिशेब असा. अकरा फूट म्हणजे 132 इंच. खाली साडेसहा फूट, म्हणजे 78 इंच ठेवले. चौकट आणि पाऊण इंची प्लाय मिळून पाचएक इंच गेले. वर 49 इंच उरले. तिथे बसून अभ्यास होतो, झोपता येतं, उभं राहता येत नाही. दार आत उघडत असेल तर फळी माळ्याखालून मोकळी फिरते ना, हे आधी बघा. माळा दाराच्या बाजूला घ्या आणि गॅस खिडकीकडे ठेवा. आम्ही दाराकडचे सातच फूट व्यापले. फोडणीची वाफ खिडकीतून जाते आणि दारावरच्या जाळीतून माळ्याला वारा लागतो. पूर्ण खोलीवर माळा टाकला की खाली कोंडवाडा होतो.

लोखंडी चौकट वेल्डिंगने एकसंध करू नका, नटबोल्टवर जोडून घ्या. उद्या खोली सोडावी लागली तर सुटी करून नेता येते. सहा पाय, आणि प्रत्येकाखाली सहा इंची चौरस पट्टी, नाहीतर वरच्या मजल्यावर लाद्या फुटतात. पाय भिंतींच्या जवळ घ्या. वरच्या मजल्यावर असाल तर कामाआधी जमिनीखालच्या तुळया जाणत्या माणसाला दाखवा. आमचा पुढचा मधला पाय खोलीत उभा आहे. त्याच्यापासून भिंतीपर्यंत दांडी लावून पडदा सोडला. त्यामागे सासूबाईंची खाट. इतक्या वर्षांनी त्यांना कपडे बदलायला आडोसा मिळाला, आणि माझ्या लेखी अख्ख्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

शिडी सरळ उभी लावू नका, पाय सुटतो. थोडी तिरकी ठेवा, पायऱ्या चार इंच रुंद घ्या आणि माळ्याच्या काठाला वीतभर उंच कठडा करा. खाली छताचा पंखा नको, भिंतीचा लावा. वर पाणी साठवू नका: 200 लिटरचं पिंप भरलं की पाण्याचंच वजन 200 किलो होतं. ते मोरीच्या कोपऱ्यात, जमिनीवरच बरं.

बाकीचं सोपं आहे. धाकटीचं टेबल म्हणजे भिंतीला बिजागऱ्यांवर लावलेली फळी, अभ्यास झाला की खाली पाडायची. कपड्यांची दांडी कप्पीवर, छतापर्यंत ओढून घ्यायची.

आणि परवानगी. पागडीच्या भाडेकरूने घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 16 खाली खोली जाऊ शकते. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, धुराडं अशा कामांना तिथे पक्कं बांधकाम धरत नाहीत, पण गरज असेल तिथे पालिकेची परवानगी लागतेच. पोटमाळ्याचं नाव त्या यादीत नाही, म्हणून आधी मालकाकडून कागदावर सही घ्या. अकरा महिन्यांच्या करारावर राहत असाल तर ते करारातच लिहून घ्या. तोंडी ‘करा हो’ कामाला येत नाही.

दर मे महिन्यात, पावसाआधी, मी सगळे नट हाताने तपासते. गेल्या वर्षी शिडीजवळचे दोन ढिले निघाले. बारा-तेराचा पाना दाराच्या मागे खिळ्याला लटकवलेला असतो, मुलींनाही ठाऊक आहे.