घरातले अलगीकरण: दिवस कोठून मोजावेत आणि खोली कशी लावावी

२०२० च्या उन्हाळ्यात सुरतहून परतलेल्या चुलतभावाला आम्ही ओसरीलगतच्या खोलीत चौदा दिवस ठेवले, आणि तरीही नवव्या दिवशी आईला ताप आला. खोलीचे दार लोटलेले असे, ताट उंबऱ्यावर ठेवले जाई, भांडी वेगळी होती. मात्र सकाळचा चहा आई त्याच्या हातात देत असे आणि कप रिकामा होईपर्यंत दोघांच्या दारातच गप्पा चालत. त्याला स्वतःला एवढासा खोकला होता, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. दिवसांची गणती आम्ही काटेकोर केली होती, पण ज्यासाठी ती करायची तो संपर्क मात्र रोज दहा मिनिटे चालूच होता. पुढच्या साथीत कोणाच्या घरी हा घोळ होऊ नये म्हणून जे करून आणि चुकून कळले, ते येथे मांडतो.

गावात सगळ्यालाच ‘कोरंटाईन’ म्हणतात, परंतु या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो आजारी आहे त्याला इतरांपासून दूर ठेवणे हे विलगीकरण. जो अजून धडधाकट दिसतो पण रोग्याच्या सान्निध्यात आलेला आहे, त्याला रोग उद्भवण्याचा काळ संपेपर्यंत वेगळे ठेवणे हे अलगीकरण. पहिल्याचे दिवस आजार सुरू झाल्यापासून मोजतात, दुसऱ्याचे शेवटच्या संपर्कापासून. घरोघरी गल्लत होते ती येथेच, कारण मनुष्य गावात पोहोचला तो दिवस सर्वांच्या लक्षात राहतो, शेवटच्या संपर्काचा दिवस कोणी विचारतही नाही.

गणती अशी करावी. शेवटचा संपर्क ३ तारखेला झाला असेल, तर ती तारीख शून्य समजावी. ४ तारीख हा पहिला दिवस आणि १७ तारीख हा चौदावा, म्हणजे १८ च्या सकाळी बाहेर यावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ३ आणि १८ या दोन्ही चौकटींवर पेनाने गोल करून ठेवला की वाद होत नाहीत. मात्र रोगी आणि संपर्कातले लोक एकाच घरात असतील आणि त्यांना खरोखर वेगळे ठेवता येत नसेल, तर संपर्काचा शेवट रोज पुढे सरकत राहतो; अशा वेळी रोग्याचे विलगीकरण संपेल त्या दिवसापासून इतरांची गणती सुरू करावी लागते. आमच्या घरी हाच नियम कोणाला ठाऊक नव्हता.

चौदा हा आकडाही सर्वत्र लागू नाही. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ रोगागणिक बदलतो आणि अलगीकरणाची लांबी त्यावरून ठरते. फ्लूमध्ये हा काळ एक ते चार दिवसांचा असतो. कोविडमध्ये सुरुवातीच्या काळात तो सरासरी पाच दिवसांच्या आसपास आणि क्वचित चौदापर्यंत असे. गोवरात सात ते एकवीस, कांजिण्यांत दहा ते एकवीस. १३७७ मध्ये रागुसा, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिक, या बंदराने प्लेगच्या भीतीने परक्या प्रवाशांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला, आणि पुढे तो काळ चाळीस दिवसांचा झाला. इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या शब्दावरूनच ‘क्वारंटाईन’ हा शब्द आला. त्या आकड्यांमागे जंतूंचे ज्ञान नव्हते. आज ते आहे, त्यामुळे कोणत्या रोगासाठी किती दिवस, हे आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारूनच ठरवावे.

अलगीकरणाने साथ खरोखर किती अडते, हे रोगी कधीपासून संसर्ग पसरवू लागतो यावर अवलंबून असते. २००३ च्या सार्समध्ये रोगी मुख्यतः लक्षणे दिसल्यानंतर, बहुधा दुसऱ्या आठवड्यात, अधिक संसर्ग देत असे. त्यामुळे आजाऱ्यांना वेगळे काढणे आणि संपर्कातल्यांवर नजर ठेवणे एवढ्याने ती साथ त्याच वर्षीच्या जुलैपर्यंत आटोक्यात आली. फ्लूत मनुष्य लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच रोग देऊ लागतो आणि सगळा फेरा इतका लवकर पूर्ण होतो की संपर्क शोधेपर्यंत दुसरी फळी आजारी पडलेली असते. कोविडमध्ये हा अवधी लक्षणांआधी सुमारे दोन दिवस होता. गोवराचे पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल संसर्गजन्य असते, म्हणून पुरळ दिसल्यावर दार लावणे घरातल्या भावंडांच्या दृष्टीने उशिराचेच ठरते. तेथे लसीची नोंद आधी पाहावी: लस न घेतलेल्या भावंडाला संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो, आणि ती मिळाली नाही तर त्याला एकवीस दिवस अंगणवाडीत किंवा शाळेत पाठवू नये.

ज्या रोगाचा वाहक माणूस नव्हे, तेथे माणसाला कोंडून काही साधत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, आणि त्या काळात गावेच्या गावे घरे सोडून वावरात झोपड्या बांधून राहायला गेली. उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा घरात होत्या. लोकांना घरातच कोंडले असते तर पिसवांच्या सोबतीला कोंडल्यासारखे झाले असते. डेंग्यूचे तसेच आहे. पाणी आठ दिवसांआड येणाऱ्या आपल्या गावांत रोग्याच्या खोलीपेक्षा ओट्यावरच्या पाण्याच्या उघड्या टिपाकडे आधी पाहिले पाहिजे. रोग्याला मात्र तापाच्या दिवसांत मच्छरदाणीत ठेवावे, म्हणजे त्याला चावलेला डास पुढच्या घरात जाणार नाही. गुरांबाबत हा धडा २०२२ च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यात लम्पीची लागण दिसल्यानंतर मिळाला. बाजार बंद झाले, वाहतूक थांबली, त्याचा उपयोगही झाला. परंतु माश्या, डास आणि गोचिडांनी पसरणाऱ्या त्या आजारात गोठ्यातली फवारणी आणि लसीकरण यांच्याविना केवळ दावे वेगळे बांधून भागण्यासारखे नव्हते.

आता खोली. शक्य असेल तर जिला बाहेरच्या बाजूला स्वतंत्र खिडकी आहे अशी खोली द्यावी आणि ती खिडकी उघडी ठेवावी. आम्ही धुळीच्या भीतीने ती बंद ठेवली, हे आमचे दुसरे चुकलेले गणित. खानदेशात कूलरचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत मनुष्याला दार लावून ठेवणे म्हणजे साथीतून वाचवून उष्माघाताच्या हाती देणे होय. कूलर खिडकीत बाहेरच्या अंगाला बसवावा, म्हणजे ताजी हवा आत येईल. परंतु ती हवा जायला समोर दुसरी खिडकी किंवा झरोका उघडा नसेल, तर ती दाराच्या फटीतून थेट घरात शिरते आणि सोबत खोलीतला संसर्गही नेते. उदबत्तीचा धूर दारापाशी धरून पाहावा. तो घराच्या बाजूला वळत असेल तर बाहेर जाणारी वाट आधी मोकळी करावी. तशी वाट नसेल तर खोलीपेक्षा मळ्यातली झोपडी बरी, पण तेथे पाणी, सावली आणि रात्री हाकेच्या अंतरावर एक माणूस असला पाहिजे.

शौचालय एकच असेल तर अलगीकरणातल्या व्यक्तीने सर्वांच्या शेवटी जावे, नंतर तेथली खिडकी उघडी ठेवावी आणि नळ व कडी साबणाने पुसावी. जेवण देणारी व्यक्ती एकच असावी, ती वयस्कर किंवा गरोदर नसावी, आणि भाकरीचे ताट ठेवून चार पावले मागे आल्यावरच दार उघडले जावे. गप्पा फोनवर माराव्यात. रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहावा. दुपारी तापलेल्या खोलीतला आकडा वाढलेला दिसला तर पाणी पिऊन, थंड जागी अर्धा तास बसून पुन्हा मोजावा. दम लागणे, गुंगी येणे, बोलणे असंबद्ध होणे किंवा लघवी अगदी कमी होणे यांपैकी काहीही दिसले की दिवस मोजत बसू नये आणि १०८ ला फोन करावा.

हे सारे कोणाला जमते, हाही विचार केला पाहिजे. कापूस वेचणाऱ्या किंवा ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबाची दोन आठवड्यांची मजुरी बुडत असेल, तर ते तिसऱ्या दिवशी पहाटे अंधारात कामावर जाईल, आणि त्यात त्यांचा दोष मला तरी दिसत नाही. म्हणून अलगीकरणाच्या पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांनी चार गोष्टी ठरवून घ्याव्यात: दाणापाणी कोण आणून देणार, किराणा उधारीवर कोणत्या दुकानातून येणार, म्हशीची धार कोण काढणार आणि ते दूध डेअरीवर कोण घालणार. आमच्याकडे शेवटच्या दोन्ही कामांना समोरच्या घरातले आप्पा उभे राहिले होते, म्हणून आईच्या तापानंतरचा दुसरा फेरा आम्ही पूर्ण करू शकलो.