घरी चार्जर बसवण्यापूर्वीची तयारी

इलेक्ट्रिक कार घेण्याचे नक्की झाले की बहुतेकांची चौकशी चार्जरच्या किमतीपासून सुरू होते. खरे तर ती महावितरणच्या बिलापासून सुरू व्हावी, कारण घराचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज घेण्याची परवानगी आहे तो आकडा, तेथेच छापलेला असतो. ७.२ किलोवॉटचा चार्जर एकटाच सुमारे ३२ अँपिअर घेतो आणि तोही सलग काही तास, तर दीड टनाचा एसी त्याच वेळी आणखी सात-आठ अँपिअर ओढतो. बहुतेक घरांच्या सिंगल फेज जोडणीला हे पेलणारे नसते. अशा वेळी भारवाढीचा आणि थ्री फेजचा अर्ज आधी करावा, चार्जर नंतर मागवावा. मात्र नागपुरात बेसा किंवा मनीषनगरहून सीताबर्डीला रोज ये-जा करणाऱ्याची कार दिवसाला ४० किलोमीटरही चालत नाही. त्यासाठी सहा-सात युनिट पुरतात आणि ३.३ किलोवॉटचा साधा चार्जर तेवढी वीज दोन तासांत भरतो, म्हणून मोठ्या चार्जरचा हट्ट अनेकदा अनाठायी असतो.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते अर्थिंगकडे. नागपूरच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात वाळून भेगाळते, त्यामुळे ऑगस्टमध्ये उत्तम ठरलेले अर्थिंग मे महिन्यात कमी पडू शकते. अर्थिंग सदोष वाटल्यास चार्जर सुरूच होत नाही. यासाठी स्वतंत्र अर्थ पिट (अर्थिंगचा जमिनीतला खड्डा) करून घ्यावा आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून त्याचा रोध शक्यतो कोरड्या दिवसांत मोजून घ्यावा.

मीटरपासून चार्जरपर्यंत तांब्याची स्वतंत्र केबल, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळल्यास वीज तोडणारा स्विच) असावी. घरभर एकच आरसीसीबी असेल, तर कुलरच्या ओल्या पंपातून जरासा करंट गळला तरी रात्री चार्जिंग बंद पडते, आणि हे सकाळी ऑफिसला निघताना कळते!

जागा निवडताना पश्चिमेची भिंत टाळावी, कारण पारा ४५ अंशांपुढे गेल्यावर दुपारभर तापलेला चार्जर आपला वेग आपोआप कमी करू शकतो. कारचा चार्जिंग पोर्ट कोणत्या बाजूला आहे, हेही आधीच पाहावे.

फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीची किंवा असोसिएशनची लेखी ना-हरकत घ्यावी आणि मीटर रूमपासून आपल्या पार्किंगपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. कार कंपनीच्या चार्जर मोफत बसवून देण्याच्या योजनेत केबल सहसा ठरावीक लांबीपर्यंतच मिळते.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या जोडणीवरून स्वतःची कार चार्ज करता येते. मात्र महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्या कारमुळे साधारण दीडशे युनिट वाढतात आणि ३०० युनिटांची पायरी ओलांडली की पुढील प्रत्येक युनिट महाग पडते, म्हणून स्वतंत्र ईव्ही मीटरचा दर आणि स्थिर आकार यांची तुलना जोडणीचा अर्ज भरण्यापूर्वीच करावी.