ऑस्टिओपॅथकडे जाताय? टेबलावर आडवं होण्याआधीच्या या चुका टाळा

कंबर धरते, दोन आठवडे मलम चोळून होतं, एमआरआय होतो आणि मग कुणीतरी ऑस्टिओपॅथचं, म्हणजे हाताने सांधे-स्नायू दाबून, हलवून किंवा झटका देऊन उपचार करणाऱ्याचं, नाव सुचवतं. बहुतेक पेशंट याच वाटेने येतात. उपचार फसला की ‘हात चांगला नव्हता’ म्हणून मोकळे होतात. पण बरेचदा गणित आधीच चुकलेलं असतं: काय विचारलं नाही आणि काय सांगितलं नाही, तिथे.

पाटीवरची अक्षरं पाहून निर्धास्त होणं

‘डी.ओ.’ या दोन अक्षरांचा अर्थ देशागणिक बदलतो. अमेरिकेत डी.ओ. म्हणजे औषधं लिहिणारा, शस्त्रक्रियाही करू शकणारा पूर्ण डॉक्टर. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ तसा डॉक्टर नसतो, पण १९९३च्या कायद्यामुळे जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलकडे नोंद नसलेल्याला स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवताच येत नाही. तिथे राहणाऱ्यांनी ती नोंद ऑनलाइन बघूनच वेळ घ्यावी. आपल्याकडे मात्र एमबीबीएसपुढे डी.ओ. दिसलं, तर ते बहुधा डोळ्यांचे डॉक्टर निघतात! म्हणून सरळ विचारा: मूळ पदवी कोणती, ऑस्टिओपॅथी कुठे शिकलात, कोर्स किती वर्षांचा होता? चार वर्षांचं शिक्षण आणि दोन वीकेंडची कार्यशाळा यांत फरक आहे, आणि हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

‘पाठीचं दुखणं, त्यात गोळ्यांचा काय संबंध?’

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. वॉरफरिन, ॲसिट्रोम, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर जोरात दाबल्यावर किंवा झटका दिल्यावर आत रक्तस्राव होऊ शकतो. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड तीन महिने किंवा जास्त चालू असेल, तर हाडं ठिसूळ झालेली असू शकतात आणि ठिसूळ मणक्याला झटका म्हणजे फ्रॅक्चरला आमंत्रण. संधिवातासाठी गावाकडून आणलेल्या ‘जडीबुटीच्या’ पुड्याही लपवू नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार सापडले आहेत. आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) असेल तर मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात, तिथे झटका नकोच. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. सकाळी पेनकिलर घेतली असेल तर किती वाजता, तेही सांगा, नाहीतर तपासताना दुखणं खरं आहे त्याहून कमी दिसतं.

आणि काही दुखणी ऑस्टिओपॅथकडे न्यायचीच नसतात. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद जाणं यांपैकी काहीही झालं तर थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, त्याच दिवशी. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, उतरणारं वजन असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही. पूर्वी कॅन्सर झालेला असेल तरी तोच नियम.

एमआरआयचा कागद म्हणजेच निदान समजणं

‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगणं) वाचलं की माणूस गादी सरकल्याचं जाहीर करून टाकतो. प्रत्यक्षात पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये बल्ज दिसतो. ऐंशीच्या घरात हे प्रमाण ८४ टक्क्यांवर जातं. रिपोर्ट न्या, पण हाताने केलेली तपासणी जास्त बोलते. कळ पायात उतरत असेल तर तपासणारा तुम्हाला टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावेल, गुडघ्याखाली आणि टाचेच्या मागे हातोडीने ठोकेल, उताणं झोपवून सरळ पाय वर उचलेल आणि कितव्या अंशाला कळ गुडघ्याखाली गेली ते बघेल. जेमतेम पाच-सात मिनिटांचं काम. यातलं काहीच न करता कुणी थेट कंबर पिळायला घेतली, तर उठून चप्पल घाला.

‘कट’ आवाज आला म्हणजे हाड बसलं

हाड जागचं हललेलंच नसतं, बसणार कुठून? सांध्यातल्या पातळ द्रवात दाब एकदम उतरतो, वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटं जावी लागतात. आवाज न येताही आराम पडतो. झटका नको असेल तर तसं स्पष्ट सांगा. स्नायू पाच-सात सेकंद हाताविरुद्ध रेटून सैल करण्याची पद्धत आहे, नुसतं हळू हलवणंही आहे. मानेच्या झटक्याबाबत तर ठाम राहा. मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होणं दुर्मिळ आहे, पण झालेलं आहे. आधी कधीच नव्हती अशी मानदुखी किंवा डोकेदुखी, एकाचं दोन दिसणं, चक्कर, बोलताना अडखळणं यांपैकी काही असेल तर मानेला हात लावू देऊ नका, हॉस्पिटल गाठा. न्हाव्याकडची चंपीनंतरची मानमोडही याच हिशोबात धरा.

कपडे सैल घाला, जीन्स नको. जेवून लगेच जाऊ नका. सोबत कुणाला आत बसवायचं असेल तर तो तुमचा हक्क आहे.

वीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरणं

तीन-चार वेळांत काहीच फरक नसेल तर निदान पुन्हा तपासायला हवं, पुढची सोळा सिटिंग उरकायला नको. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०१६ची पाठदुखीवरची मार्गदर्शिकाही हाताचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच सुचवते. व्यायाम न देणारा ऑस्टिओपॅथ अर्धंच काम करतो.

उपचारानंतर २४ ते ४८ तास अंग ठणकलं तर घाबरू नका. रोजची कामं चालू ठेवा, फक्त त्या दिवशी गहू-तांदळाची पोती उचलू नका. मात्र नवीन बधिरपणा, पायात लुळेपणा किंवा लघवीची अडचण आली तर पुढच्या सिटिंगची वाट बघायची नाही. बाकी सगळं ठीक असेल तर ‘बरं वाटतंय’ एवढंच सांगू नका. खुर्चीत किती मिनिटं बसता आलं, रात्री किती वेळा जाग आली, मोजे घालायला वाकता आलं का, हे फोनमध्ये टिपून न्या.